इलेक्ट्रॉनिक्सची फुकट व्याख्याने: १४ प्लेलिस्ट साठवल्या, एकही संपेना

जुनी_तार | सोमवार, रात्री १०.४२

मंडळी,

वय ४६, पोटापाण्याचा उद्योग हिशेबतपासणीचा. विज्ञानाशी संबंध बारावीलाच तुटला. गेल्या वर्षी घरातला बंद पडलेला रेडिओ उघडला, आत एका कपॅसिटरचं (विद्युतभार साठवणारा भाग) डोकं फुगलेलं दिसलं. तसाच दुसरा आणून लावला आणि रेडिओ बोलायला लागला. तेव्हापासून झोप उडाली आहे. रेडिओ बोलला याचा आनंद आहेच, पण का बोलला ते काही केल्या कळत नाही.

म्हणून नेटवर शोधायला गेलो. एनपीटीईएल (आयआयटी वगैरेंची फुकट व्याख्याने), अमेरिकेतली एमआयटी आणि यूसीएलए विद्यापीठं, शिवाय यूट्यूबवरचे शंभर मास्तर. आज माझ्याकडे १४ प्लेलिस्ट साठवलेल्या आहेत. ११ पहिल्याच व्याख्यानावर अडकल्यात, दोन तिसऱ्यावर, एक उघडलेलीच नाही. (हिशेब चोख आहे, सवयीचा परिणाम.)

प्रश्न एवढाच, की यातली एक निवडायची तर कुठली? आणि माझ्यासारख्याला हे खरंच जमतं का? पदवी, नोकरी काही नको. मला फक्त कळायला हवंय.

शून्य_ओहम | सोमवार, रात्री ११.१५

डोळे झाकून एमआयटीचा ६.००२ (सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स) हा कोर्स घ्या. अनंत अगरवाल यांची २००७ सालची व्याख्याने एमआयटीच्या ओपनकोर्सवेअर साइटवर आहेत, नावनोंदणीसुद्धा लागत नाही. पहिल्याच तासाला ते सांगतात की मॅक्सवेलची समीकरणं (वीज-चुंबकत्वाचे मूळ नियम) रोज सोडवत बसायला कोणाला वेळ नाही, म्हणून इंजिनियरांनी एक करार केला. सुट्या भागांच्या बाहेर बदलतं चुंबकीय क्षेत्र नाही असं धरायचं, भागांच्या आत विद्युतभार साठत नाही असं धरायचं. हा करार पाळलात की तार म्हणजे नुसती रेघ आणि रेझिस्टर म्हणजे नुसता एक आकडा. सर्किट थिअरी नावाचा सगळा डोलारा त्या करारावर उभा आहे. माझ्या कॉलेजात हे कोणी सांगितलं नव्हतं. थेट किरचॉफ (सर्किटच्या वेटोळ्यात फिरून आलं की सगळ्या व्होल्टेजची बेरीज शून्य, हा नियम), थेट गणितं.

आणि न संपण्याचं मनाला लावून घेऊ नका. याच विषयाचा ऑनलाइन कोर्स मार्च २०१२ मध्ये सुरू झाला तेव्हा सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नाव घातलं होतं. पास झाले ७ हजारांच्या थोडे वर.

फ्यूज_उडाला | सोमवार, रात्री ११.२१

म्हणजे शंभरात पाचसुद्धा नाहीत. जुनी_तार, तुम्ही बहुमतात आहात, अभिनंदन.

गणिताचीभीती | मंगळवार, सकाळी ७.५०

माझाही हाच प्रश्न होता, वाचनखूण साठवली. पण ६.००२ मध्ये डिफरन्शियल इक्वेशन येतात ना? तिथेच मी दोनदा धारातीर्थी पडले आहे.

ठिणगी | मंगळवार, दुपारी १.३०

शून्य_ओहम, तुमचा सल्ला इंजिनियरिंग झालेल्या माणसाला उत्तम आहे. तुम्हाला तो कोर्स आवडला कारण तुम्ही एकदा किरचॉफ घोटून आला होतात. तो पाया कशावर उभा आहे हे नंतर कळलं, म्हणून डोळे उघडले. जुनी_तार यांनी अजून किरचॉफचं तोंडही पाहिलेलं नाही. त्यांना कराराचं कौतुक कसं वाटणार?

मी अ‍ॅनालॉग सर्किटांच्या डिझाइनमध्ये काम करते, त्यामुळे माझं झुकतं माप तिकडे असेल. तरी माझा क्रम सांगते. आयआयटी मुंबईचे प्रा. महेश पाटील यांची एनपीटीईएलवरची बेसिक इलेक्ट्रॉनिक्सची मालिका आधी. सर्किट थिअरीत गोडी लागली तर आयआयटी दिल्लीच्या प्रा. दत्ता रॉय यांची जुनी व्याख्याने. चित्र धूसर, फळा आणि खडू, पण माणूस पायरी गाळत नाही. यूसीएलएचे बेहझाद रझावी आत्ता नकोत. ते डायोडच्याही आधी अर्धसंवाहकाच्या पोटात शिरतात. पुढे ट्रान्झिस्टर समजायला त्यांच्यासारखा मास्तर नाही, पण पहिल्या महिन्यात तुमची १५ वी प्लेलिस्ट होईल.

आता खरी गोष्ट. कुठलीही मालिका घ्या, मास्तरांनी सर्किट काढून आकडे लिहिले की व्हिडिओ थांबवा. कागदावर तुमचं उत्तर काढा. चुकलं तरी चालेल, पण ते शाईने लिहिलेलं पाहिजे. मगच पुढे. तासाभराच्या व्याख्यानाला तीन तास लागतील. चांगल्या मास्तरचा धोका हाच असतो की तो सोडवतो तेव्हा सगळं सोपं दिसतं आणि आपल्याला वाटतं आपणच सोडवलं. मला हे कळायला एक अख्खं सेमिस्टर लागलं. चाळीस व्याख्याने पाहून परीक्षेला बसले आणि दोन रेझिस्टर नि दोन बॅटऱ्यांच्या सर्किटपुढे अर्धा तास पेन चावत होते.

गणिताचीभीती, आरसी (रेझिस्टर आणि कपॅसिटर) सर्किटपुरतं एकच समीकरण लागतं आणि त्याचं उत्तर दरवेळी तेच असतं: जिथून निघालो, जिथे पोचायचं, आणि मधल्या वाटेचा वेळ ठरवणारं आर गुणिले सी. १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंद. एक सेकंदात ६३ टक्के वाट संपते. मल्टिमीटर लावून कपॅसिटर भरताना डोळ्यांनी बघ, मग पुस्तक उघड.

हळूबाई | मंगळवार, दुपारी २.०५

तासाला तीन तास?? मी दुप्पट वेगाने बघते!

ठिणगी | मंगळवार, दुपारी २.११

आणि लक्षात किती राहतं? :)

हळूबाई | मंगळवार, दुपारी २.१२

तेही दुप्पट वेगाने जातं.

फ्यूज_उडाला | मंगळवार, रात्री ९.१८

व्याख्याने पाहून इलेक्ट्रॉनिक्स शिकणं म्हणजे काठावर बसून पोहायला...

शून्य_ओहम | मंगळवार, रात्री ९.२०

हे वाक्य कधी येतंय याचीच वाट पाहत होतो.

फ्यूज_उडाला | मंगळवार, रात्री ९.४४

बरं, मग अनुभवच सांगतो. मी पहिलं व्याख्यान पाहून त्याच रात्री ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी) घेऊन बसलो. पाच व्होल्ट, २२० ओहम, एक एलईडी. हिशेबाने एलईडीवर दोन व्होल्ट गेले, उरले तीन, भागिले २२०, साधारण साडेतेरा मिलिअँपिअर. कागदावर दिवा लख्ख. ब्रेडबोर्डवर अंधार. एलईडी उलटा करून पाहिला, दुसरा लावला, तिसरा लावला. दोन तासांनी कळलं की लांबड्या ब्रेडबोर्डच्या कडेची लाल पट्टी बऱ्याच बोर्डांवर मधोमध तुटलेली असते. माझी बॅटरी डाव्या अर्ध्यात, दिवा उजव्या अर्ध्यात.

मग मल्टिमीटरने बॅटरीचा करंट मोजून झाला, तीच लाल वायर करंटच्याच भोकात ठेवून अडॅप्टरचा व्होल्टेज मोजायला गेलो. माझ्या आयडीचा उगम तो.

कुठल्याही आयआयटीच्या फळ्यावर ती तुटलेली पट्टी काढलेली नसते.

रोहित्र | बुधवार, सकाळी ६.३०

धाग्याच्या विषयात "विद्युत" कुठेच दिसत नाही, सगळे एलईडीतच रमलेत. आम्हीही माणसंच आहोत.

मशिन्स, पॉवर सिस्टिम, प्रोटेक्शन यांचीही व्याख्याने एनपीटीईएलवर ढिगाने आहेत आणि चांगली आहेत. रात्रपाळीत बसून मी त्यांच्यावरच मोठा झालो. फक्त अर्धवट बघू नका. माझीच गोष्ट. स्टार-डेल्टा स्टार्टरचं (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात टाकायची) व्याख्यान पाहिलं. स्टारमध्ये सुरू केली की मोटर लाइनमधून एक तृतीयांश करंट घेते. झकास. तिथेच व्हिडिओ बंद केला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं की भरल्या कन्व्हेयरची मोटरपण स्टारमध्ये सुरू करू, धक्का कमी बसेल. मोटर नुसती घूं घूं आवाज करत राहिली, हलेना. कारण स्टारमध्ये टॉर्कही (फिरवण्याचा जोर) एक तृतीयांशच होतो. नंतर व्हिडिओ पुन्हा लावला तर मास्तर पुढच्याच मिनिटाला ते सांगत होते.

आणि एक कळकळीचं. पाच व्होल्टच्या चुका फ्यूजवर भागतात, आमच्या इथल्या भागत नाहीत. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. एसएमपीएसमधला (कॉम्प्युटर, चार्जर यांच्यातला पॉवर सप्लाय) मोठा कपॅसिटर तेवढा भरतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. करंट ट्रान्सफॉर्मरची (मोठा करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) सेकंडरी चालू लाइनवर उघडी टाकली तर तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. विद्युत शाखेचे प्रयोग घरी करायचे नाहीत. हौस असेल तर सरकारच्या व्हर्च्युअल लॅब आहेत, तिथे खुशाल शॉर्ट सर्किट करा.

मधलाबेंच | बुधवार, सकाळी ९.०२

रोहित्ररावांना अनुमोदन. मला नुसत्या व्याख्यानांनी कधी जमलं नाही, नाव नोंदवल्यावर जमलं. एनपीटीईएलचे कोर्स 'स्वयं' या सरकारी पोर्टलवर असतात. पाहणं फुकट, परीक्षेला बसायचं असेल तरच शुल्क. आठवड्याला असाइनमेंट, तिला शेवटची तारीख. अंतिम गुणांत २५ टक्के असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे. १२ आठवड्यांच्या कोर्सला १२ पैकी सर्वोत्तम ८ धरतात, म्हणजे चार आठवडे आळसासाठी राखीव. मी ते चारही पहिल्या महिन्यात वापरून टाकले, त्यामुळे पुढे अभ्यास करावाच लागला.

चुंबक | बुधवार, रात्री ८.४०

एमआयटीचे वॉल्टर लेविन यांचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? ८.०२ हा कोर्स, वीज आणि चुंबकत्व, २००२ सालची व्याख्याने. व्याख्यान क्रमांक १६ बघाच. एक वेटोळं, त्यात फक्त दोन रोध, १०० आणि ९०० ओहम, बॅटरी नाही. वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि १ व्होल्ट प्रवर्तित होतो. मग त्याच दोन बिंदूंना दोन व्होल्टमीटर, एक डावीकडून, एक उजवीकडून. एक दाखवतो ०.९, दुसरा उणे ०.१. तेच दोन बिंदू! किरचॉफ खलास.

शून्य_ओहम | बुधवार, रात्री ९.०५

किरचॉफ खलास वगैरे काही नाही. मी सोमवारी लिहिलेला करार आठवा. भागांच्या बाहेर बदलतं चुंबकीय क्षेत्र नाही, ही पहिलीच अट. त्या वेटोळ्यात ती अट मुद्दाम मोडली आहे. करार मोडल्यावर नियम लागू नाही यात नवल काय?

चुंबक | बुधवार, रात्री ९.३१

मग इलेक्ट्रोबूम या यूट्यूब चॅनेलवाल्या मेहदी सदाघदार यांनी २०१८ मध्ये यावरच लेविनना आव्हान का दिलं? त्यांचं म्हणणं, मोजणीच्या तारांमध्येही व्होल्टेज प्रवर्तित होतो, तो धरला की किरचॉफ शाबूत.

ठिणगी | बुधवार, रात्री ९.५८

दोघेही एकच आकडे मांडतात, फक्त तो १ व्होल्ट कोणाच्या खात्यावर टाकायचा यावर भांडतात. जुनी_तार यांना हा वाद आपल्याआधी कळेल. रोजच्या कामात मात्र एवढंच घ्या: मीटरच्या तारा कुठून नेल्या हाही सर्किटचा भाग असतो.

हळूबाई | बुधवार, रात्री १०.१०

लेविन यांची व्याख्याने एमआयटीने स्वतःच काढून टाकली ना?

मधलाबेंच | बुधवार, रात्री १०.२२

हो, डिसेंबर २०१४ मध्ये. एका ऑनलाइन विद्यार्थिनीला लैंगिक त्रास दिल्याचं एमआयटीच्या चौकशीत आढळलं, तेव्हा व्याख्याने काढली आणि मानद पदही काढून घेतलं. आज यूट्यूबवर आहेत ती एमआयटीची नाहीत. बघायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मी बघत नाही.

गणिताचीभीती | गुरुवार, दुपारी १२.१५

एक बाळबोध प्रश्न. यातलं मराठीत काही आहे का? मी मराठी माध्यमातली. शाळेत विभवांतर, विद्युतधारा, रोध सगळं पाठ होतं. कॉलेजात "व्होल्टेज" ऐकलं आणि सहा महिने मला वाटत होतं ही वेगळी काहीतरी राशी आहे.

रोहित्र | गुरुवार, दुपारी १.००

आमच्या खात्याच्या कागदांवर अजून रोहित्रच. ट्रान्सफॉर्मर म्हणतो आम्ही फक्त तो जळला की.

ठिणगी | गुरुवार, दुपारी १.४०

गणिताचीभीती, तुझा शब्द उलट जास्त चांगला आहे. विभवांतर. त्यात "अंतर" आहे. दोन जागा असल्याशिवाय अंतर नसतं. नव्या मुलांना मी विचारते "या पिनवर व्होल्टेज किती?" तर पटकन आकडा सांगतात. "कशाच्या मानाने?" म्हटलं की गप्प. विभवांतर शिकलेली व्यक्ती ही चूक करूच शकत नाही, शब्दाचा अर्थ लक्षात ठेवला तर.

चुंबक | गुरुवार, दुपारी १.५२

आणि लेविनच्या वेटोळ्यात त्याच दोन जागांमधलं अंतर वाटेवर अवलंबून असतं. म्हणूनच...

शून्य_ओहम | गुरुवार, दुपारी १.५३

नको. नको. नको.

मधलाबेंच | गुरुवार, दुपारी २.३०

मराठीबद्दल: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात बऱ्याच विषयांचे मराठी आवाजातले छोटे धडे आहेत, पण भर सॉफ्टवेअरवर. तिथल्याच फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे मुक्त सॉफ्टवेअर सर्किट सिम्युलेशनला वापरता येतं. नुसतं चटकन काहीतरी पाहायचं असेल तर फॉल्स्टॅडचं सिम्युलेटर, ब्राउजरमध्येच चालतं, करंट ठिपक्यांसारखा वाहताना दिसतो.

संपादक | गुरुवार, सायंकाळी ६.००

चुंबकीय वादासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. मूळ प्रश्न व्याख्यानांचा आहे.

निवांत | शनिवार, सकाळी ११.२०

उशिरा आलो. एक मत नोंदवून जातो. फुकट व्याख्यानांची खरी किंमत सुरुवातीला नाही, मध्येच अडकल्यावर कळते. मी पूर्ण मालिका आजवर एकच पाहिली, ओपेनहाइम यांची सिग्नल्स अँड सिस्टिम्स. १९८७ सालचं चित्रीकरण, अजून जुनं झालेलं नाही. शेवटच्या व्याख्यानात उलटा लंबक गाडीवर तोलून दाखवतात. नुसतं सोडलं की पडणारी काठी फीडबॅक दिल्यावर उभी राहते. आधीची पंचवीस व्याख्याने न बघता ते बघितलंत तर नुसती गंमत वाटेल. बघून गेलात तर पोल (काठी पडणार की तोलणार हे सांगणारा आलेखावरचा बिंदू) डावीकडे, म्हणजे स्थिर बाजूला, सरकलेला दिसतो.

जुनी_तार | सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१०

धागा वर काढतोय. जिवंत आहे.

१३ प्लेलिस्ट पुसल्या. ठिणगीताईंनी सांगितलेली एकच ठेवली. व्हिडिओ थांबवून कागदावर, शाईने. २२ व्याख्याने झाली. पहिल्या वहीत चुका जास्त, उत्तरं कमी. फुगलेल्या कपॅसिटरने रेडिओ का बंद पडला ते आता साधारण सांगू शकतो.

आज अडलोय. दुसऱ्या एका व्याख्यानात पाहून एका ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. ९ व्होल्ट, ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी कलेक्टरला ४.७ के (किलोओहम), एमिटरला ४७० ओहम, बेसला १०० के आणि १५ के. ४७०० भागिले ४७०, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) १०. मोबाइलच्या टोन अ‍ॅपमधून १०० मिलिव्होल्ट देतोय, बाहेर १००० यायला हवेत. येतात ६००च्या आसपास. सगळे रेझिस्टर मोजले, बरोबर आहेत. ब्रेडबोर्डची तुटकी पट्टीसुद्धा तपासली (फ्यूज_उडाला, आभार).

फ्यूज_उडाला | रविवार, रात्री ९.१४

डोळे पाणावले.

ठिणगी | रविवार, रात्री ९.३०

टोन बंद करा. कलेक्टर आणि ग्राउंडमध्ये डीसी किती?

जुनी_तार | रविवार, रात्री ९.३८

८.२

ठिणगी | रविवार, रात्री ९.४१

तुमच्या हिशेबाने किती यायला हवा होता?

जुनी_तार | रविवार, रात्री ९.५५

बेसवर १.१७. त्यातून ०.७ वजा, एमिटरवर ०.४७. भागिले ४७०, म्हणजे १ मिलिअँपिअर. कलेक्टरवर ९ वजा ४.७, म्हणजे ४.३. आणि आहे ८.२. म्हणजे ४.७ के वर फक्त ०.८ पडतोय, करंट ०.१७ मिलिअँपिअर. सहावा हिस्सा!! बाकीचा कुठे गेला?

ठिणगी | रविवार, रात्री ९.५९

ट्रान्झिस्टरचा नंबर सांगा. तुमच्या हातातला आणि व्याख्यानातला.

जुनी_तार | रविवार, रात्री १०.०२

माझा बीसी५४७. त्यांचा २एन३९०४. दोन्ही एनपीएन, चालतो असं वाचलं. पाय त्यांच्या चित्राप्रमाणेच लावलेत.

शून्य_ओहम | रविवार, रात्री १०.०३

हां.

ठिणगी | रविवार, रात्री १०.०८

सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली. २एन३९०४ डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. तुमचा उलटा बसलाय. उलटा ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, दोन्ही बाजूंना एन आहे ना, पण एमिटरसारखी भारी भेसळ (डोपिंग) कलेक्टरच्या बाजूला नसते, त्यामुळे बीटा (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरचा करंट) शेकड्यांवरून एक आकडी होतो. मग बेसच इतका करंट ओढतो की तुमचे १०० के आणि १५ के दमतात. बंद पडला असता तर लगेच सापडलं असतं. अर्धवट चालला म्हणून तुम्ही रेझिस्टर मोजत बसलात.

जुनी_तार | रविवार, रात्री १०.२६

फिरवला. कलेक्टरवर ४.२. टोन चालू केला, बाहेर ९४७.

१००० का नाही?

ठिणगी | रविवार, रात्री १०.२९

एमिटरला तुम्ही बाहेरून ४७० लावलेत. ट्रान्झिस्टरच्या आत एमिटरचा स्वतःचा छोटा रोध असतो: २६ मिलिव्होल्ट भागिले एमिटरचा करंट. तुमचा करंट १ मिलिअँपिअर. आता पुन्हा भागाकार करा.

जुनी_तार | रविवार, रात्री १०.३१

४७०० भागिले ४९६. ९.४७६.

ताळा जुळला.